ऑफशोअर विंड फार्मच्या ईआयएमध्ये मच्छिमारांशी 'कन्सल्टेशन' म्हणजे नक्की करायचं काय?

ऋतुजा_पर्यावरण

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी पुण्यात एका कन्सल्टन्सीत ईआयएचं, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याच्या अभ्यासाचं, काम करते, आतापर्यंत सगळं जमिनीवरचंच केलंय, रस्ते, एमआयडीसीतले प्लांट वगैरे. आता आमच्याकडे समुद्रातल्या पवनचक्क्यांचं काम यायची शक्यता आहे. गुजरातला पिपावावच्या समोर, खंभातच्या आखाताच्या तोंडाशी जो पट्टा सरकारने निवडलाय ना, २०१७ मध्ये जिथे वारा मोजायला लायडार बसवला होता, तिथलं. अजून सगळं हवेतच आहे पण सरांनी आत्तापासून 'स्टेकहोल्डर एंगेजमेंट प्लॅन'चा मसुदा करायला सांगितलाय आणि हातात एक जुनी टेम्पलेट दिलीये. त्यात काय तर एक यादी, कलेक्टर, बंदर, कोस्ट गार्ड, मत्स्य विभाग, एनजीओ आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत 'लोकल फिशरमेन'. मग एक चौकोनी तक्ता, कोणाचा इन्फ्लुअन्स किती आणि इंटरेस्ट किती. आणि तीन मीटिंगा. खेळ खल्लास.

मला पडलेले प्रश्न असे की, समुद्रातल्या प्रकल्पाला आपल्याकडे जनसुनावणी कायद्याने लागते का? लागत नसेल तर मग हे सगळं कोणासाठी करायचं? बोलवायचं कोणाला आणि कुठल्या टप्प्यावर? आणि खरा प्रश्न म्हणजे, लोक जे बोलतात ते रिपोर्टच्या मागे अ‍ॅनेक्शर म्हणून लागतं एवढंच माझ्या पाहण्यात आहे, तर जगात कुठे लोकांच्या सांगण्यावरून एखादी टर्बाइन जागची हललीये का? असेल तर उदाहरण द्या प्लीज, सरांना दाखवायचंय.

फाईलवाले_काका

ऋतुजा, कायद्याचं मी सांगतो, उभी नोकरी त्यातच गेली. ईआयए नोटिफिकेशन २००६ च्या शेड्यूलमध्ये, म्हणजे मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत, औष्णिक आहे, जलविद्युत आहे, बंदरं आहेत, पण पवनऊर्जा नाहीच. जमिनीवरच्या पवनचक्क्या त्यामुळेच सुटतात. समुद्रातल्यांसाठी २०१५ चं राष्ट्रीय धोरण आलं, त्यात नोडल एजन्सी चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था, आणि पर्यावरण, संरक्षण, गृह, अंतराळ, जहाजबांधणी, पेट्रोलियम अशा सगळ्या मंत्रालयांच्या मंजुऱ्यांची माळ. पर्यावरणाचा अभ्यास आणि सीआरझेड (किनारपट्टीचे नियम) त्यात येतं. पण पेण किंवा पालघरला एखाद्या प्रकल्पाची मांडव घालून जनसुनावणी होते तशी इथे आपोआप लागू होते असं समजून प्लॅन लिहू नकोस.

तरीही २००६ ची पद्धत डोळ्यासमोर ठेव, कारण लोकांच्या डोक्यात 'कन्सल्टेशन' म्हणजे तेच बसलंय. किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक पेपरात नोटीस, जागा प्रकल्पाच्या जास्तीत जास्त जवळ, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अ‍ॅडिशनलच्या खालचा नाही असा प्रतिनिधी, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग, आणि शेवटी जे जे बोललं गेलं ते स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं. क्वोरम लागत नाही, म्हणजे चार माणसं आली तरी सुनावणी झाली! आणि मेख कुठे आहे माहितीये का, मूळ रिपोर्ट इंग्रजीतच असला तरी चालतो, स्थानिक भाषेत फक्त सारांश द्यावा लागतो. पाचशे पानांचं वीस पानांत. मासेमारीवरचा परिणाम त्यात एक परिच्छेद, आणि तो पण 'तात्पुरता व नगण्य'. मग लोक माईक हातात घेऊन ओरडतात आणि आपण म्हणतो लोक ऐकून घेत नाहीत.

तू विचारतेस कोणासाठी करायचं. कायद्यासाठी नसलं तरी बँकेसाठी करावं लागेल. ७,४५३ कोटींची जी व्हीजीएफ योजना जून २०२४ मध्ये कॅबिनेटने मंजूर केली, ५०० मेगावॅट गुजरात आणि ५०० तमिळनाडू, त्यात सरकार दरातली तफावत भरून देणार, पण बाकीचं कर्ज डेव्हलपरलाच उभारायचंय, आणि परदेशी पैसा आला की आयएफसीचे, म्हणजे जागतिक बँकेच्या गटातल्या कर्ज देणाऱ्या संस्थेचे, परफॉर्मन्स स्टँडर्ड येतात. त्यांचा पहिलाच स्टँडर्ड वाच. तिथे सारांश देऊन भागत नाही.

उत्तर_समुद्र

मी स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनला असतो, कामच हे आहे, म्हणून सविस्तर लिहितोय, कंटाळा आला तर सोडून दे.

टर्बाइन हललीये का? हो, हलल्यात, आणि सगळ्यात छान उदाहरण ब्रिटनचं नाहीच, डेन्मार्कचं आहे. कोपनहेगनच्या अगदी समोर मिडलग्रुंडेन म्हणून विंड फार्म आहे, २००० साली सुरू झालं, ४० मेगावॅट. मूळ आराखड्यात २७ टर्बाइन तीन रांगांत होत्या. सुनावणीत लोकांनी सांगितलं की शहरासमोर हे जंगल नको, मग त्याच्या २० झाल्या आणि एकाच वळणदार रेषेत उभ्या राहिल्या, आज विमानातून उतरताना दिसतात त्या. आणि अर्धी मालकी एका सहकारी संस्थेची, आठ हजारांच्या वर सभासद. आपल्याकडे सहकार काय कमी आहे का, पण हा विचार कोणी करत नाही, असो.

आता उलटं उदाहरण. इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेटसमोर नॅव्हिटस बे, ९७० मेगावॅट, १९४ टर्बाइनपर्यंत. समोर जुरासिक कोस्ट, युनेस्कोचा वारसा. तिथे कन्सल्टेशनची काही कमी नव्हती, बरीच वर्षं प्रदर्शनं, पत्रकं, फोटोमोंटाज, सगळं झालं, आकडाही टप्प्याटप्प्याने खाली आला. पण लोकांचा मूळ मुद्दा 'किती' हा नव्हताच, 'कुठे' हा होता, आणि जागा तर सीबेडच्या (समुद्रतळाच्या) लीजनेच ठरून गेलेली. शेवटी परीक्षण चालू असताना कंपनीने १०५ टर्बाइनचा छोटा पर्याय काढला. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारने दोन्ही नाकारले. माझ्या मते अख्ख्या विषयाचं सार इथे आहे, नकाशा पेन्सिलीत असताना विचारलं तर ते कन्सल्टेशन, शाईने काढून झाल्यावर विचारलं तर ती नुसती माहिती. तुझ्या टेम्पलेटमधल्या तीन मीटिंगा कुठल्या टप्प्यावर आहेत ते बघ आधी. बेसलाइन सर्व्हे (प्रकल्पाआधीच्या परिस्थितीची नोंद) संपल्यावर असतील तर फुकट आहेत.

ब्रिटनची इतकी वर्षं चालत आलेली पद्धत थोडक्यात. १०० मेगावॅटच्या वरचं समुद्रातलं विंड फार्म इंग्लंडमध्ये प्लॅनिंग अ‍ॅक्ट २००८ खाली जातं. अर्ज करायच्या आधीच कन्सल्टेशन, म्हणजे स्कोपिंग (कशाकशाचा अभ्यास करायचा ते ठरवणं), मग कच्चा पर्यावरण अहवाल लोकांसमोर, किमान २८ दिवस मुदत. आणि अर्जासोबत एक कन्सल्टेशन रिपोर्ट, ज्यात प्रत्येक मुद्द्यासमोर आम्ही काय बदललं किंवा का नाही बदललं हे लिहायचं. 'का नाही बदललं' हा रकाना महत्त्वाचा, तो तुझ्या तक्त्यात घाल. अर्ज आला की स्थानिक कौन्सिलला विचारतात, कन्सल्टेशन पुरेसं झालं का? ते ऐकून अर्ज तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेला पुरेसं वाटलं नाही तर अर्ज दारातूनच परत. अर्थात याचंही इतकं कर्मकांड झालं की हजारो पानांचे रिपोर्ट निघायला लागले आणि २०२५ मध्ये सरकारनेच अर्जाआधीच्या कन्सल्टेशनची सक्ती काढून टाकायची घोषणा केली. म्हणजे इथेही सगळं आलबेल नाही.

अजून दोन गोष्टी. एक, समुद्रातल्या प्रकल्पाचं भांडण बऱ्याचदा जमिनीवर होतं. नॉरफॉक व्हॅनगार्डला जुलै २०२० मध्ये परवानगी मिळाली, फेब्रुवारी २०२१ मध्ये हायकोर्टाने रद्द केली. कारण पक्षी नाही, मासे नाहीत. केबल जमिनीवर येऊन जिथे सबस्टेशन होणार होतं तिथे शेजारच्याच बोरियास प्रकल्पाचंही सबस्टेशन, आणि दोन्हींचा मिळून देखाव्यावर होणारा परिणाम निर्णयात धरलाच नव्हता. वर्षभराने पुन्हा परवानगी मिळाली, पण वर्ष गेलं ना. तेव्हा केबल कुठल्या गावात वर येणार, त्या गावाला यादीत घाल.

दुसरी, आणि ही मच्छिमारांसाठी सगळ्यात महत्त्वाची. तुझे जीआयएसवाले (नकाशे करणारे) तुला एआयएस किंवा व्हीएमएसचा, म्हणजे बोटीचा ठावठिकाणा कळवणाऱ्या यंत्रांचा, नकाशा देतील, कुठे किती बोटी फिरतात त्याचा. त्यात फक्त मोठ्या बोटी दिसतात. युरोपात व्हीएमएसची सक्ती कित्येक वर्षं १२ मीटर आणि त्यावरच्याच बोटींना होती, एआयएसची १५ मीटरच्या पुढे. छोटे खेकडेवाले नकाशावर नव्हतेच, आणि ज्या जागी नकाशा पांढरा त्या जागी टर्बाइन टाकायचा मोह होतो, कारण मॉडेल म्हणतं इथे 'कॉन्फ्लिक्ट' नाही. शेवटी स्कॉटलंड सरकारने हजाराच्या वर छोट्या बोटवाल्यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्याकडून नकाशे रंगवून घेतले. आपल्याकडे तर विचारायलाच नको. नकाशा पांढरा आहे म्हणजे समुद्र रिकामा नाही.

कडवट_कॉफी

सगळं वाचलं. छान आहे. पण डेन्मार्क डेन्मार्क आहे. इथे जागा दिल्लीत ठरते, टेंडर निघतं, मग कन्सल्टंट गावात जातो, चहा-बिस्किट, हजेरीपट्टीवर सह्या, आणि त्याच सह्या 'कन्सेंट' म्हणून रिपोर्टमध्ये. ऋतुजाने कितीही चांगला प्लॅन लिहिला तरी त्याचं हेच होणार. नाटक आहे सगळं.

सातपाटीचा_दर्या

कॉफीसाहेब, सह्यांचं बोललात ते एकदम बरोबर, म्हणून आमच्याकडे आता कोणी कोऱ्या कागदावर सही करत नाही. पण नाटक म्हणून सोडून दिलं तर आमचंच नुकसान, कारण रिपोर्ट तर लिहिला जाणारच, आमच्याशिवाय.

ऋतुजाताई, मी पालघरकडचा, घरची बोट आहे, मी स्वतः आता नोकरीत. पिपावावच्या बाजूलाच जाफराबाद आहे, आणि जाफराबाद म्हणजे बोंबील, आणि बोंबील म्हणजे डोल. हे तुमच्या पूर्ण टीमला आधी समजलं पाहिजे. ट्रॉलर आज इथे, उद्या तिथे, त्याला टर्बाइन आली तर तो शिव्या देत वळसा घालेल. डोल जाळं तसं नाही, ते एका जागी बांधलेलं असतं, खुंटांना किंवा नांगरांना, तोंड पाण्याच्या ओढीकडे, भरतीची ओढ एका बाजूने, ओहोटीची दुसऱ्या बाजूने, ओढच मासा आत आणते. ती जागा पिढ्यानपिढ्यांची असते. आमच्याकडे त्याला कव म्हणतात. कागदावर सातबारा नाही पण कोणाची कव कुठे हे सगळ्यांना पाठ असतं, आणि त्यावरून वसई-उत्तनवाले आणि पालघर-डहाणूवाले यांच्यात किती वर्षं वाद चाललाय हे पेपरात वाचलं असेलच. समुद्र कोणाचाच नाही असं शहरात बसून वाटतं. तर टर्बाइन आल्यामुळे जाफराबादच्या दहा जणांना कव सोडावी लागली तर ते कुठे जाणार? दुसऱ्याच्या कवीवर. म्हणजे भांडण कंपनीशी नाही, भावाभावात. हा परिणाम तुमच्या कुठल्या तक्त्यात बसतो सांगा. जागा बदलली की लांब जावं लागतं, डिझेल लागतं, हे तर आहेच.

मीटिंग कधी घ्यायची? कलेक्टर ऑफिसच्या सोयीने घेतली तर उधाणाच्या दिवसात येईल आणि सगळे समुद्रात असतील. डोलवाल्याचं कॅलेंडर तिथीवर चालतं, अमावस्या-पौर्णिमेला ओढ जोरात, तेव्हाच धंदा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी सुस्त, बोटी बंदरात, तेव्हा या. माणसं जाळी शिवत बसलेली असतात, हाताला काम आणि तोंडाला वेळ. जून-जुलैच्या बंदीत बोटमालक निवांत सापडतात पण एक लक्षात ठेवा, तेव्हा खलाशी नसतात. गुजरातच्या बोटींवर खलाशी आमच्याच डहाणू-तलासरीकडचे आदिवासी किती तरी आहेत, पाकिस्तानच्या जेलमध्ये अडकलेल्यांच्या बातम्यांत गावांची नावं बघा. पाऊस लागला की ते शेतीला घरी येतात. मासळी कमी झाली तर पहिली कात्री त्यांच्या हिश्शाला लागणार, आणि तुमच्या 'लोकल'च्या व्याख्येत ते बसतच नाहीत कारण ते राहतात महाराष्ट्रात. त्यांना विचारायचं तर पावसात तलासरीला जावं लागेल.

आणि बायका. सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग ठेवली तर समोर चेअरमन, तांडेल, पंच, सगळे पुरुष. बोंबील वलांडीवर, म्हणजे सुकवायच्या दांड्यांवर, घालणं, उलटणं, सुकवणं, विकणं हे सगळं बायकांकडे. केबल ज्या किनाऱ्यावर वर येणार तोच किनारा जर सुकवायचा असेल तर त्याचा जाब पुरुष देऊच शकत नाही, त्यांना माहितीच नसतं कुठल्या महिन्यात किती वलांड्या लागतात ते. आमची आई अजून सांगते कोणाची वलांडी कुठपर्यंत. त्यांना हॉलमध्ये बोलवू नका, लिलाव उरकला की तिथेच जाऊन बसा.

ऋतुजा_पर्यावरण

बापरे, खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. दर्यादादा, खलाशांचा मुद्दा मी प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवणार आहे. काका, आयएफसीचं वाचायला घेतलंय.

अजून एक अडचण. समजा गेले, बसले, नकाशा काढला. पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारणार की पैसे किती देणार. माझे सर म्हणतात तो विषयच काढायचा नाही, 'आम्ही फक्त अभ्यास करतोय' म्हणायचं. मला ते पटत नाही पण उत्तर पण नाहीये माझ्याकडे. आणि कवीच्या जागा लोक सांगतील का? त्यांना भीती नाही का वाटणार की हाच नकाशा उद्या त्यांच्या विरोधात वापरला जाईल?

बॉस्टनची_पुणेकर

पैशाचं अमेरिकेचं उदाहरण सांगते, मी त्या क्षेत्रातली नाही, पण मॅसॅच्युसेट्समध्ये राहते आणि व्हिनयार्ड विंडची सगळी भानगड इथल्या पेपरात रोज वाचलीये.

ऱ्होड आयलंड हे शेजारचं चिमुकलं राज्य. तिथल्या किनारा व्यवस्थापन मंडळाने २००८ ते २०१० मध्ये आधी समुद्राचाच प्लॅन केला, युनिव्हर्सिटीला हाताशी धरून, मच्छिमार, जहाजवाले, पक्षीवाले सगळ्यांना घेऊन, आणि त्यात मच्छिमारांचं एक सल्लागार मंडळ कायमचं बसवलं. अमेरिकेतलं पहिलं समुद्रातलं विंड फार्म, ब्लॉक आयलंड, पाच टर्बाइन, ३० मेगावॅट, डिसेंबर २०१६ ला तिथे सुरू झालं आणि त्यामानाने शांततेत झालं. छोटं होतं हे पण खरं.

मग आलं व्हिनयार्ड विंड, ८०० मेगावॅट, मॅसॅच्युसेट्सच्या बाजूला. पण मासेमारी करणारे निम्मे ऱ्होड आयलंडचे, स्क्विडवाले. कंपनीने टर्बाइन वायव्य-आग्नेय अशा तिरक्या ओळीत आखल्या होत्या. आणि तिथल्या मच्छिमारांची जुनी रीत अशी की जागा सांगणाऱ्या जुन्या लोरान यंत्राच्या रेषा धरून पूर्व-पश्चिम पट्टे करायचे, एका पट्ट्यात जाळं ओढणारे आणि शेजारच्या पट्ट्यात लॉब्स्टरचे पिंजरे टाकणारे, म्हणजे एकमेकांत अडकायला नको. कुठल्याही सरकारी नकाशावर हे नव्हतं. दर्यादादा, तुमच्या कवीसारखंच झालं ना. तिरक्या ओळी आल्या की सगळे पट्टे तुटतात. ते ओरडत होते आणि आधी कोणी मनावर घेतलं नाही.

मनावर कधी घेतलं? जेव्हा कळलं की केंद्राच्या किनारा कायद्याखाली ऱ्होड आयलंड 'हा प्रकल्प आमच्या धोरणाशी जुळत नाही' असं म्हणू शकतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये १ कोटी ६७ लाख डॉलरचं पॅकेज ठरलं, सल्लागार मंडळाने नाखुशीनेच हो म्हटलं. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने सांगितलं की या भागात रांगेत असलेल्या सगळ्या प्रकल्पांचा एकत्रित अभ्यास करा, काम थांबलं, आणि नोव्हेंबरमध्ये न्यू इंग्लंडच्या पाचही कंपन्यांनी मिळून एकच आखणी पुढे केली, पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण सरळ ओळी, दोन टर्बाइनमध्ये एक सागरी मैल. मच्छिमारांना शिवाय चार मैल रुंदीचे जायचे-यायचे मार्ग हवे होते ते नाही मिळाले. पण ओळी सरळ झाल्या. ८४ टर्बाइनच्या जागी शेवटी मोठ्या ६२ आल्या आणि मे २०२१ ला मंजुरी.

तर कॉफीसाहेब, बदल झाला, पण गोड बोलून नाही झाला. हातात 'नाही' म्हणायचा कायदेशीर हक्क होता म्हणून झाला.

कडवट_कॉफी

हेच तर म्हणतोय मी. जाफराबादच्या डोलवाल्याकडे तो हक्क आहे का? नाही. मग कवीचा नकाशा कंपनीला देऊन त्याने स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घ्यायचा?

उत्तर_समुद्र

हा प्रश्न रास्त आहे आणि इथेही हाच येतो. स्किपर आपली जागा सांगत नाही, कंपनीच्या भीतीने सोड, शेजारच्या बोटवाल्याला कळेल म्हणून. उपाय असा करतात की कच्चा नकाशा मच्छिमार संघटनेकडेच राहतो, कन्सल्टंटला एकत्र केलेला मिळतो, चौकोनाचौकोनात किती बोटी, कुठले महिने, एवढंच, नावं नाहीत. आणि मधे एक फिशरीज लिएझन ऑफिसर असतो, शक्यतो त्याच धंद्यातून आलेला, त्याचा फोन नंबर बांधकाम संपेपर्यंत तोच राहतो. माणूस दर सहा महिन्यांनी बदलला तर विश्वास शून्यापासून सुरू, आणि कन्सल्टन्सीत माणसं टिकत नाहीत हे तुलाही माहितीये.

पैशाबद्दल तुझ्या सरांचं अर्धं बरोबर आहे. आकडा तू देऊ शकत नाहीस, द्यायचाही नाही. पण विषय टाळला तर लोकांना वाटतं दडवताय. सरळ सांग की हे काम दोन वेगळ्या टेबलांवर होणार, आज आपण टर्बाइन कुठे नको ते बोलतोय, भरपाई कोण ठरवणार आणि कशाच्या आधारावर ते लेखी उत्तर कंपनीकडून अमुक तारखेपर्यंत आणते. आणि तारीख पाळ. इथे बांधकामाच्या काळात प्रत्येक टर्बाइनभोवती ५०० मीटरचा सेफ्टी झोन असतो, तो उठल्यावर ब्रिटनमध्ये आत मासेमारी करता येते, बेल्जियममध्ये करता येत नाही. आपल्याकडे काय होणार हे पहिल्याच दिवशी विचारतील, कारण भरपाईचं गणितच त्यावर आहे. डोल आत बांधू देणार का, केबलवर नांगर पडला तर गुन्हा कोणावर, विमा कोण देणार. याची उत्तरं कंपनीकडून लेखी घेऊन मगच गावात जा.

फाईलवाले_काका

कॉफीसाहेबांना एवढंच सांगतो की हक्क नसला तरी रेकॉर्ड असतं. उद्या प्रकरण हरित लवादात गेलं तर तिथे कोण किती ओरडलं ते विचारत नाहीत, कागद बघतात. अमुक तारखेला अमुक सोसायटीने हा आक्षेप दिला, त्याची पोच आहे, आणि अंतिम रिपोर्टमध्ये त्यावर एक ओळही नाही, हे दाखवता आलं की वकिलाचं निम्मं काम झालं. म्हणून दर्याभाऊ, सह्या देऊ नका हे बरोबर, पण तोंडी बोलून पण सोडू नका. स्वतःचं पत्र, स्वतःच्या लेटरहेडवर, दोन प्रती, एकीवर शिक्का. ऋतुजा, तू तुझ्या बाजूने हजेरीपट्टीच्या वर ठळक अक्षरात छाप की ही सही फक्त उपस्थितीची आहे, संमतीची नाही. गुजरातीत छाप. कंपनीला आवडणार नाही. छाप तरी.

आणि जागा सध्या जी धरली आहे तिच्या आत टर्बाइन कुठे बसणार हे अजून ठरलेलं नाही, तेव्हा 'दिल्लीत सगळं ठरलंय' हे निम्मंच खरं. पट्टा ठरलाय, पट्ट्याच्या आतली आखणी, केबलचा मार्ग, बंदर, बांधकामाचे महिने हे सगळं बाकी आहे. तिच्या प्लॅनचा उपयोग तेवढ्याच पट्टीत आहे, पण तेवढ्यात आहे.

सातपाटीचा_दर्या

बांधकामाचे महिने हा मुद्दा काकांनी काढला ते बरं झालं, माझा राहिलाच होता. पावसात समुद्र खवळलेला, तेव्हा ते बांधणार नाहीत, म्हणजे त्यांचा चांगला सीझन तोच आमचा सीझन. पावसाळा उठल्यावर पहिले काही महिने बोंबलाचे जोरात असतात. तेव्हा दूरच्या टोकाकडून सुरू करा, डोलीच्या बाजूचं काम नंतर घ्या, एवढं जरी ऐकलं तरी त्या वर्षाचा धंदा वाचतो. याला भरपाई लागत नाही, नुसतं वेळापत्रक लागतं. हे विचारून घ्या ताई, कंपनीला यात फारसा खर्च नाही म्हणून मान्य होण्यासारखं आहे, आणि एक गोष्ट मान्य झाली की लोक दुसऱ्या बैठकीला येतात.

जाफराबादला जाताना नकाशा लॅपटॉपवर नेऊ नका. उन्हात काही दिसत नाही आणि सगळे मागे उभे राहतात. मोठा कागद, जमिनीवर पसरता येईल असा, त्यावर खोली मीटरमध्ये नको, वाव (दोन्ही हात पसरल्याएवढं माप) मध्ये पण लिहा, म्हातारे लोक वावातच बोलतात. दिवा, बंदर, बुडालेली जहाजं, खडक हे आधीच छापा, मग त्यावरून ते स्वतः अंतर सांगतात, अक्षांश-रेखांश विचारलेत तर गप्प बसतील किंवा पोराला जीपीएस आणायला पाठवतील. आणि निघताना त्याची एक प्रत सोसायटीत ठेवून या, पुढच्या खेपेला त्याच्यावरच कोणीतरी काहीतरी खोडलेलं सापडेल.

ऋतुजा_पर्यावरण

नोट केलं सगळं. तिथी बघून पहिली तारीख अष्टमीच्या आसपासची टाकलीये, सर विचारत होते की मीटिंगच्या शेड्यूलमध्ये पंचांग कुठून आलं 😄 गुजराती नीट येणारं आणि कोळीवाड्यात वावरलेलं कोणी ओळखीत असेल तर मेसेज करा, दुभाषी म्हणून हवंय, मानधन आहे. बाई असेल तर फारच उत्तम.